हाताचं माप

उद्यमनगरात सदतीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
तेव्हा यंत्राशी माझं भांडण आहे
असं कुणी समजू नये.
यंत्राच्या जिवावर फुलेवाडीत दोन खोल्या बांधल्या, पोरगा शिकवला,
डाव्या करंगळीचं एक पेर त्याला देऊन टाकलं.
तो हिशेब केव्हाच मिटला.

सीएनसी आली तेव्हा मालक म्हणाले,
आता नुसतं बटण दाबायचं, मेस्त्री.
दाबलं. दोन वर्षं दाबलं.
काचेच्या आत पांढरं पाणी उडायचं,
एकासारखा एक जॉब बाहेर पडायचा,
आणि माझे हात
वधूकडचे की वराकडचे ते न कळणाऱ्या पाहुण्यासारखे
नुसते उभे.

दस्तगीर म्हणायचा, गड्या,
पूर्वी निघणाऱ्या बुरातला निळेपणा बघून कळायचं
हत्यार तापलंय, आता थांब.
आता मशीनच थांबतंय.
आपण कुठं थांबायचं?

म्हणून असेल,
घरी बसल्यावर मिक्सर दिसला की माझं डोकं फिरायचं.
धैर्यशीलनं पुण्याहून पाठवलेला, तीन भांड्यांचा.
मी म्हणालो, खर्डा खलबत्त्यातलाच पाहिजे.
मिरची चिरडायची असते, कापायची नसते.
माणसानं आपलं काम आपण करावं,
हातच विसरले तर उरलं काय,
असं बरंच बोललो
भिंतीला पाठ टेकून, ताट पुढ्यात घेऊन.

मालननं ऐकून घेतलं.
मग उठली, खलबत्ता उचलला,
माझ्या ताटाशेजारी ठेवला.
"कुटा," म्हणाली.

हातानं केलेलं, हातानं केलेलं, म्हणत होतो खरा,
पण तो हात कुणाचा
ते इतक्या वर्षांत
एकदाही बोललो नव्हतो.

पहिल्या दिवशी लसूण उडून कपाटाखाली गेला.
मिरचीचं बी डोळ्यात.
खालची बाई वर येऊन विचारून गेली,
भिंत पाडताय काय, काका?
मालन चहाची बशी घेऊन दारात बसलेली,
गुडघे लांब सोडून,
चहा गार होईपर्यंत हसत होती.
"आपटू नका. फिरवा."
मी मनात म्हणालो, व्हय, फीड कमी ठेवायला पाहिजे.

आठवडा गेला.
मीठ आधी टाकलं की लसूण निसटत नाही.
मिरची तव्यावर फोड येईस्तोवरच भाजायची.
शेंगदाणे शेवटी, आणि तेही अर्धवट.
बत्त्याचा आवाज ठणठण असतो,
मग एका क्षणी तो जड होतो, ओला होतो.
तिथं थांबायचं.
हे कुठल्याच बटणावर लिहिलेलं नाही.
मनगटाला ते कळलं त्या दिवशी
मी उगीचच दोनदा हात धुतले
आणि हातांकडे बघत राहिलो.

दिवाळीला पोरगा आला.
म्हणाला, अप्पा, दहा मिनिटांत डबीतला खर्डा दारात येतो.
मागवला. आला.
वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू?
मालनचा मिक्सरही घरातच आहे.
इडलीचं पीठ ती त्यातच वाटते,
गुडघ्यांना विचारून.
मी त्याच्यावरची धूळ पुसतो. तेही मीच.

काल दस्तगीर आला, सायकलवरून.
भाकरी मोडली, खर्डा लावला,
डोळ्यांत पाणी, कानांतून धूर,
आणि आत तोंड करून ओरडला,
"वहिनी, हाताला लई चव हाय तुमच्या!"

आतून काही उत्तर आलं नाही.
बांगड्या मात्र हलल्या, हसताना हलतात तशा.
मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.
मिटलं.
बोटं पेटलेली होती,
करंगळीचं नसलेलं पेरसुद्धा.
मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.